सहाशेराव

माझे साडू विमा कंपनीत आहेत. विमा विकण्याच्या खात्यात नव्हे; विकलेल्या विम्याचे पैसे मागायला माणूस आला की त्याला आणखी एक कागद आणायला परत पाठवण्याच्या खात्यात. समोरचा बोलतो ते ऐकून घ्यायचं, धरायचं मात्र कागदावरचं, ही शिस्त तिथे त्यांच्या हाडात मुरली. शेतकरी सांगतो, म्हैस मेली. मेली असेल बाबा. पण कानातल्या बिल्ल्यासकट फोटो कुठे आहे? बिल्ला नाही म्हणजे म्हैस मेली नाही. फारच वाद घातलास तर म्हैस नव्हतीच. असा माणूस पन्नाशीत पक्ष्यांच्या नादी लागला.

सहाशेराव हे नाव माझ्या बायकोने ठेवलं, त्यांच्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सवरून. ही लेन्स दहा लाखांच्या पुढची. ज्या गाडीतून ती फिरते ती तिच्या निम्म्या किमतीचीही नाही, आणि सेकंडहँड आहे. गाडीला थर्ड पार्टी विमा, लेन्सला सगळ्या संकटांपासूनचा. घरात तिच्यासाठी काचेच्या दाराचं वेगळं कपाट आहे आणि त्यातला ओलावा ४५ टक्क्यांच्या वर जात नाही. बाहेर जुलै चालू असतो, भिंतींना ओल आलेली असते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि कपाटात लेन्स खडखडीत बसलेली असते. बुरशीची भीती. गेल्या पावसाळ्यात ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, एक दिवस काही न बोलता उडदाच्या पापडांचा डबा उचलला आणि त्या कपाटात लेन्सच्या शेजारी ठेवला. सहाशेराव ऑफिसातून आल्यावर जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पण डबा अजून तिथेच आहे, आणि पापड उत्तम राहतात हे त्यांनीही खाऊन मान्य केलं आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत त्यांचा नियम ऑफिसातलाच. फोटो असेल तर पक्षी, नाहीतर अफवा. संगणकावर त्यांचा एक तक्ता आहे: पक्ष्याचं नाव, तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटोच्या फाइलचा क्रमांक. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ तक्त्यात राहत नाही. देवरुखजवळ एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मांडवावरून महाधनेशाची जोडी गेली. तो पंखांचा आवाज! रेल्वेचं इंजिन वाफ सोडतंय असं वाटून भटजीही थांबले. दोन्हीकडचं वऱ्हाड मान वर करून बघत होतं, नवरीने तर अंतरपाटाच्या वरून पाहिलं. सहाशेरावांचा कॅमेरा गाडीत होता. महाधनेश तक्त्यात नाही. ‘अहो, दोनशे माणसांनी पाहिला,’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘सगळे नातेवाईक. हितसंबंधी साक्षीदार.’

हा माणूस एकटा असता तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी पहाटे पुणे-सोलापूर रस्त्यावर चहाला थांबा. गाड्यांमधून एकामागून एक सहाशेराव उतरताना दिसतील. अंगात झाडापानांच्या नक्षीचा शर्ट, तसलीच पँट, गळ्यात तसलंच फडकं, डोक्यावर मानेपर्यंत पदर असलेली टोपी. त्यांच्यात पायऱ्या आहेत. मोबाइलवाल्याला माणसात धरत नाहीत. त्याच्या वर ज्याची लेन्स कॅमेऱ्यालाच चिकटलेली असते तो. मग दीडशे-सहाशेवाले, हा मध्यमवर्ग, संख्येने सर्वांत मोठा. आणि सगळ्यांच्या वर प्राइमवाले, म्हणजे ज्यांची लेन्स मागेपुढे सरकत नाही आणि त्याच कारणाने कितीतरी पट महाग असते. प्राइमवाला झूमवाल्याचे फोटो बघून म्हणतो, ‘छानच आहेत हो. हल्ली झूमही चांगले यायला लागलेत.’ पूर्वी मुलीला नकार कळवताना ‘पत्रिका जमत नाही’ म्हणत, त्याच सुरात.

नोव्हेंबरमध्ये ही मंडळी शाळाशाळांतून आढळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. गेल्या वर्षी सहाशेराव आमच्या मुलाच्या शाळेत फोटो दाखवायला आले होते. पडद्यावर खंड्या आला. पाण्यातून वर येतोय, चोचीत मासळी, थेंब हवेत थिजलेले. मुलं ‘आईशप्पथ’ म्हणाली. एका मुलीने विचारलं, ‘काका, हा घरटं कुठे करतो?’ सहाशेराव म्हणाले, ‘हा १/३२०० वर काढलाय.’ बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, ‘घरट्याचे फोटो मी काढत नाही.’ हे उत्तर प्रश्नाचं नव्हतं, पण खरं होतं. घरट्यावर लेन्स रोखली की आई-बाप पिलांकडे फिरकत नाहीत, तेवढ्यात कावळा फिरकतो. त्यामुळे विणीच्या दिवसांत घरट्याजवळ उभं राहायचं नाही, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवायचं नाही, घुबडाची ढोली कोणाला सांगायची नाही, हे नियम ते काटेकोर पाळतात. घुबडाच्या फोटोखाली ते ठिकाण लिहितात, ‘महाराष्ट्र’.

(खंड्या नदीकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. मुलांना ते शेवटी शाळेच्या शिपायाने सांगितलं. त्याच्या गावी ओढा होता.)

जानेवारीअखेरच्या एका रविवारी ते मला भिगवणला घेऊन गेले. मी जातो तो लेन्सपिशवीची दुसरी बाजू धरायला आणि डिझेलचा निम्मा वाटा उचलायला. आदल्या रात्री फोन आला: साडेतीनला खाली उभे राहा, पांढरा शर्ट नको, अत्तर नको, खोकला असेल तर आत्ताच सांगा. टोल, डिझेल, चहा, होडी या सगळ्याच्या पावत्या ते एका चेनच्या पिशवीत ठेवतात आणि सोमवारी मला हिशेब येतो. मागे एकदा त्यात ‘बीन बॅग’ असा खर्च निघाला. लेन्स टेकवायला ती उशी लागते आणि तिच्यात दोन किलो राजमा भरलेला असतो. तो ताईंच्या डब्यातला होता. तरी निम्मे मी दिले.

कुंभारगावच्या काठावर उजाडायच्या आत दहा-बारा होड्या लागलेल्या. या मुळात मासेमारीच्या होड्या. भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं, आणि मागे पाणी तुंबत गेलं तसतशी गावं, रानं, देवळं खाली गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या कित्येकांनी जाळं हातात घेतलं. पुढे उथळ पाण्यात आणि गाळाच्या काठांवर पक्षी जमायला लागले, पक्ष्यांमागून सहाशेराव आले, आणि आता हिवाळ्यात तीच होडी माश्यांपेक्षा माणसांवर जास्त कमावते. आमच्या नावाड्याने वल्हं थांबवून तळाकडे बोट केलं. ‘आमच्या आज्याचं रान हितं खाली हाय, बरं का. हिर होती.’ मी वाकून बघायला लागलो. सहाशेराव म्हणाले, ‘हलू नका. शेकाट्या आहे.’

आता या होडीचं चित्र बघा. चहूकडे सपाट चकचकीत पाणी, एक झाड नाही, काडी नाही, आणि मधोमध पानाफुलांच्या कपड्यांत एक माणूस. अशा ठिकाणी लपून राहण्याचा हा एकच पोशाख असा आहे की तो मैलभरावरून दिसतो. नावाडी लाल बनियनमध्ये होता. पक्षी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हते. त्यांना तो रोजचा. सहाशेरावांकडे मात्र एक राखी बगळा बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला.

तो नावाडी हा खरा जाणकार. न सांगता सूर्य पाठीशी घेतो. ‘पेंटेड स्टॉर्क पायजे का ऑस्प्रे?’ विचारतो. पक्षी वाऱ्याला तोंड करून उडतो, म्हणून होडी कुठे आणायची हे त्याला हवा अंगाला लागली की कळतं. आणि उडायचा क्षण त्याला आधीच ठाऊक असतो. खांबावर मीनघार बसली होती. सहाशेराव बटणावर बोट ठेवून थिजलेले. मिनिटं चालली. मला पाठीत कळ यायला लागली. नावाडी हळूच म्हणाला, ‘अजून न्हाई. शिटली की उडंल.’ हे शास्त्र आहे: शिकारी पक्षी पुष्कळदा ओझं टाकून मगच झेप घेतात. तेव्हा चित्र असं, की घरी जेवण पाच मिनिटं उशिरा आलं तर ताट सरकवणारा माणूस, दहा लाखांच्या लेन्समधून, श्वास रोखून, एका घारीच्या पार्श्वभागाकडे पाऊण तास बघतो आहे. ती शिटली. उडाली. सेकंदाला वीस या वेगाने कॅमेरा धडधडला. पडद्यावर पाहिलं तर पहिल्या तीन फोटोंत खांब आणि एक पंख, पुढच्या सातांत रिकामा खांब.

हल्ली असे कॅमेरे निघाले आहेत जे बटण दाबण्याच्या आधीचे क्षणही साठवून ठेवतात. सहाशेरावांना तो हवा आहे. ताईंचं म्हणणं, अशी सोय लग्नाच्या बाबतीत निघाली तर आधी त्यांना कळवावं.

तसे ते सोशिक नव्हेत. सिग्नलला दहा सेकंद उरले की त्यांचं बोट हॉर्नवर जातं. ही सगळी सहनशक्ती ते पक्ष्यांसाठी राखून ठेवतात, तरी पक्ष्यांवर खूश असतात असंही नाही. पक्षी तारेवर बसला तर तो बाद; तार माणसाची. नीलपंख, कोतवाल, वेडा राघू या मंडळींना तारेवर बसायचीच आवड, कारण तिथून चारी बाजूंचे किडे दिसतात. सहाशेराव खिडकीतून त्यांची विनवणी करतात. ‘दोन फूट डावीकडे बाभळ आहे रे. काय होतं तुला?’ ढोकरी, साळुंकी, कावळा यांच्यावर ते एकही फोटो खर्च करत नाहीत. उलट लांब कुठेतरी करड्या रंगाची, नाव न सांगता येणारी मूठभर चिमणीएवढी वस्तू हलली की तिचे चारशे. रात्री ते ग्रुपवर जातात आणि तिथे तिरचिमणी की वटवट्या यावरून दोन जुने मित्र बोलणं सोडतात.

आता रोहित पक्ष्यांकडे येऊ. आम्ही गेलोच होतो त्यासाठी. शे-दीडशे असतील. मान खाली, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत चाललेले. त्या गाळातल्या शेवाळ-किड्यांमधल्या रंगानेच त्यांच्या पिसांत गुलाबी उतरतो. पण फोटोवाल्याची अडचण अशी, की चरणारा रोहित लांबून पांढुरकाच दिसतो. खरा रंग पंखांच्या आत: लालगुलाबी, त्याला काळी किनार. तो दिसायचा तर पक्षी उडाला पाहिजे. जड पक्षी, आधी पाण्यावर दुडदुडत धावतो, मग उचलला जातो. ते धावणं, ते शिंतोडे, तो रंग. पुण्याहून साडेतीनला निघालेल्या प्रत्येक माणसाच्या मनात तेवढं एकच चित्र असतं.

आणि सहाशेराव पक्षी उडवत नाहीत. ‘लांबून आलेत, दमलेत, खाऊ दे त्यांना,’ असं त्यांनी नावाड्याला बजावून होडी लांबच थांबवली. त्या कळपाच्या पलीकडे पट्टकादंब बसले होते. हा हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वर उडाल्याची त्याची नोंद आहे. एवढं करून आलेल्या पाहुण्याला आपल्या हौसेपायी उठवायचं नाही, हे सहाशेराव मनापासून मानतात. त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. त्यामुळे पुढचं लिहिताना जरा जड जातं.

आम्ही थांबलो. लेन्स रोहितांवर, शटर वाढवलेलं, बोट बटणावर. रोहित शांतपणे चरत होते, ते उडायचं काहीच कारण नव्हतं, तरी सहाशेराव तयारीत. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचा डावा डोळा रोहितांवर नाही. तो दूर उजवीकडे, एका दुसऱ्या होडीवर आहे. तीत पाच-सहा पोरं होती आणि ती होडी सरळ कळपाच्या रोखाने चालली होती.

‘त्यांना ओरडून सांगू का?’ मी विचारलं.

‘थांबा. कळेल त्यांचं त्यांना.’

कळलं नाही. होडी घुसली आणि अख्खा कळप धावत सुटला. मग सहाशेराव ओरडले. ‘अहो! लाज वाटते का? पक्षी आहेत ते! ए, थांबवा ती होडी! मूर्ख! कायदा आहे! १९७२ चा!’ असं ते ओरडत होते आणि कॅमेरा अखंड चालला होता. तोंडाचा बोटाशी काही संबंध नव्हता. शेवटचा रोहित हवेत जाईपर्यंत त्यांनी त्या पोरांची पिढी, शिक्षण, आईबापांचे संस्कार सगळं काढलं, आणि एकही फोटो चुकवला नाही. पोरं जवळून जाताना ‘सॉरी काका’ म्हणाली. काकांनी त्यांना आणखी दोन मिनिटं सुनावलं. मग पडद्यावर बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला.

‘पंख पूर्ण उघडे,’ ते पुटपुटले. ‘सगळ्यांचे.’

‘चांगला पुरावा आहे,’ मी म्हटलं.

‘कशाचा?’

‘गुन्ह्याचा.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. नावाड्याने तेवढा तंबाखू मळला.

या धडधडीत कार्ड भरलं. दुसरं कार्ड काढायला त्यांनी पाऊच उघडला, बोटं थंडीने बधिरलेली, कार्ड निसटून होडीच्या तळातल्या पाण्यात पडलं. दोघंही ते चाचपत असताना नावाड्याने वल्हं टाकलं. ‘फाल्कन! साहेब, वर, वर!’

लांबवर थापट्या बदकांचा थवा एकदम पाण्यावरून उसळला होता. त्यांच्या कितीतरी वर एक ठिपका होता; त्याने पंख मिटले आणि तो पडायला लागला. बहिरी ससाणा अशा सुरात ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. थव्याच्या कडेला तो भिडला, पिसांचा एक झुबका हवेत उडाला, बदक तिरकं होऊन धाडकन पाण्यात गेलं ते बुडीच मारून. ससाणा वळला, आमच्या होडीवरून इतका खालून गेला की डोळ्याखालची काळी मिशी स्वच्छ दिसली, आणि डिकसळच्या जुन्या पुलाच्या दिशेने निघून गेला.

सहाशेरावांच्या एका हातात ओलं कार्ड होतं, दुसऱ्या हातात रिकामा पाऊच. डोळे मोकळे होते.

‘पाहिलंत?’ मी ओरडलो.

‘दिसलं काहीतरी,’ ते म्हणाले. हा त्यांचा ऑफिसातला आवाज.

काठावर एक निवृत्त शाळामास्तर बसलेले असतात. दर रविवारी दौंडहून स्कूटरवर येतात. जुनी दुर्बीण, शंभर पानी वही, डबा, घडीचं स्टूल. सगळे त्यांना सर म्हणतात. कॅमेरा नाही. सहाशेराव त्यांच्याशी अदबीने बोलतात, कारण करड्या पक्ष्यांचे वाद शेवटी त्यांच्याकडेच जातात. पण त्यांच्या वहीला ते मनातून ‘हस्तलिखित’ समजतात. होडीतून उतरताना सर काहीतरी लिहीत होते. सहाशेराव मान लववून पुढे गेले.

दुपारी चिलापी आणि भाकरी. त्याबद्दल तक्रार नाही.

तिसऱ्या प्रहरी कडबनवाडीच्या बाजूला माळावर गेलो. वनखात्याच्या हद्दीत पावती लागते, म्हणून हद्दीबाहेरच्या पडीक रानात. धाविक नावाचा पक्षी हवा होता. तो दोन पायांवर तुरुतुरु पळतो, थांबतो, पळतो, आणि थांबला की माळाच्या रंगात विरघळतो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर आपण जमिनीच्या उंचीला यायला हवं. सहाशेराव पालथे पडले आणि कोपरांवर सरपटत निघाले. खाली कुसळं, गोखरू आणि मेंढ्यांनी जे काही ठेवलं होतं ते. पंधरा-वीस मिनिटांत ते गाडीपासून बरेच पुढे गेले. तेवढ्यात बांधावरून तीन माणसं आली. एक म्हातारबा, दोन तरुण.

‘मोजणी हाय व्हय?’ म्हाताऱ्याने मला विचारलं.

‘नाही, नाही. पक्षी.’

‘कंच्या पक्षाचं?’

‘पक्षी हो. पाखरं. फोटो काढतात ते.’

तिघांनी गवतात पडलेल्या सहाशेरावांकडे पाहिलं, मग त्या लेन्सकडे. एक तरुण दुसऱ्याला म्हणाला, ‘रिंगरोडची असणार. मागल्या टायमाला बी आसंच कायतरी म्हणाली व्हती.’ दुसऱ्याने थेट मुद्द्याला हात घातला: ‘एकरी किती ठरलंय?’ मी शपथा घेतल्या. ते म्हणाले, मग ओळखपत्र दाखवा. माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी सहाशेरावांना हाक मारली. ते कुसळांनी भरलेले, चिडलेले उठून आले आणि त्यांच्याकडे जे एकमेव ओळखपत्र होतं ते त्यांनी काढून दाखवलं.

तरुणाने मोठ्याने वाचलं. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला.

‘इन्शुरन्सवालं? आरं, मग माज्या गाईचं काय झालं?’

गाय मेलेल्याला दोन वर्षं झाली होती. कागद तालुक्याला गेले होते, तिथून जिल्ह्याला गेले होते, तिथून कुठे गेले ते कोणी सांगत नव्हतं. म्हाताऱ्याने बाभळीखाली बसकण मारली आणि गाईचं वय, वेत, दूध, आजार, मरायच्या रात्रीचा पाऊस असं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सहाशेराव उभ्याने ऐकत होते. अंगावर झाडाझुडपांचं कापड, कोपरांवर लेंड्या, हातात दहा लाख. मधेच सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘बिल्ल्यासकट फोटो आहे?’

‘फोटू?’ म्हातारा म्हणाला. ‘गाय मरायला लागली तवा फोटू काढत बसू? तिला पानी पाजत व्हतो.’

हे कोणाच्याही तक्त्यात बसणारं उत्तर नव्हतं. सहाशेरावांनी पावत्यांच्या पिशवीतून पेन काढलं, होडीच्या पावतीच्या मागे पॉलिसीचं गाव, साल आणि नाव लिहून घेतलं. ‘आमची कंपनी आहे की दुसरी, ते आधी बघावं लागेल,’ ते म्हणाले. ‘बिल्ला असेल तर जपून ठेवा.’ ‘घरला हाय. आनू का?’ म्हातारा उठायलाच लागला. त्याला बसवता बसवता पुरेवाट झाली.

मग त्यानेच विचारलं, नेमकं कोणतं पाखरू पाहिजे तुम्हाला. सहाशेरावांनी वर्णन केलं: तांबूस, डोळ्यामागे पांढरी पट्टी, पळतं, थांबतं, पळतं. ‘त्ये व्हय,’ म्हातारा म्हणाला आणि हनुवटीने आमच्या मागे दाखवलं. गाडीच्या सावलीत, मागच्या चाकापाशी, दोन धाविक फिरत होते. आम्ही उतरल्यापासून तिथेच असावेत. गाडीला पक्षी भीत नाहीत, भितात ते खाली उतरणाऱ्या माणसाला. सहाशेरावांनी उभ्यानेच, वरून, चाकासकट फोटो काढले. डोळ्याची उंची नाही, मागे टायर. पण फाइल क्रमांक मिळाला.

परतीच्या वाटेवर पाटसपर्यंत ते गप्प होते. मला वाटलं गाईचा विचार करताहेत. मग एकदम त्यांनी विचारलं, ‘तो ससाणा वरून आला की बाजूने?’

‘वरून.’

‘मिशी दिसली? तुम्हाला, स्वतंत्रपणे?’

‘दिसली.’

‘अंतर?’

‘वीस-पंचवीस फूट असेल. अहो, तुम्ही शेजारीच होता.’

‘मी कुठे होतो ते विचारत नाहीये.’ थोडं थांबून म्हणाले, ‘नाही. तुम्ही साडू. धरता येणार नाही.’

पुढे दोन-तीन किलोमीटर गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सरांना फोन लावला. स्पीकरवर. सरांनी वही उघडल्याचा आवाज आला. ‘हं. बहिरी ससाणा, एक. नऊ चाळीस. थापट्यांच्या थव्यावर सूर. शिकार चुकली.’

‘चुकली तशी, पण पिसं उडाली ना सर! झुबका उडाला होता.’

‘मला काठावरून नाही दिसलं ते. उन्हाकडे तोंड होतं. तुम्ही पाहिलंत?’

‘पाहिलं म्हणजे... हो. स्पष्ट.’

‘मग लिहून घेतो,’ सर म्हणाले. ‘‘पिसे उडाली. होडीतून पाहिले.’ बरं, ठेवू? डोळ्यांत थेंब घालायचेत.’

सहाशेरावांनी फोन खाली ठेवला. काचेतून समोरच्या उसाच्या ट्रॉल्या बघत बसले.

‘बघितलंत?’ शेवटी ते म्हणाले. ‘मी नुसतं सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. एक प्रश्न नाही. असा माणूस आमच्याकडे असता तर कंपनी दिवाळीपर्यंत टिकली नसती.’

त्यांनी गाडी सुरू केली. चौफुल्याच्या अलीकडे पुन्हा वेग कमी झाला.

‘वेळ काय म्हणाले?’

‘नऊ चाळीस.’

‘नऊ बेचाळीस होते,’ सहाशेराव म्हणाले, आणि पुन्हा फोन शोधायला लागले.